एजियन समुद्रातले वाणसामान

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

ग्रीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? इतिहासाच्या तासाला ऐकलेली सॉक्रेटिस, पेरिक्लिस ही नावे, मॅरेथॉनची लढाई, ऑलिंपिकचे खेळ. फार तर कॅलेंडरवरची निळ्या घुमटांची पांढरी घरे. पण त्या पांढऱ्या घरांत राहणारी माणसे मीठ कोठून आणतात, हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही आणि मलाही तो पडला नाही. वास्तविक तो मला सर्वांत आधी पडायला हवा होता. कारण आमचे किराणा दुकान आहे. गावात एस.टी. जिथून वळून परत जाते, तिथे समोरच ते आहे. बाबा सातवीतून शाळा सोडून त्या दुकानात बसले ते आजतागायत उठलेले नाहीत. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला.

हा लेख लिहिण्याचे धाडस मी माझ्या मामांच्या जोरावर करीत आहे. मामा व्यापारी जहाजावर ऑइलर आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे पुष्कळ लोक बोटीवर असतात हे वाचकांना ठाऊक आहेच. ग्रीक मालकांच्या जहाजांवर मामांची बरीच वर्षे गेली. तिथले चीफ इंजिनिअर एका लहानशा बेटावरचे. त्यांचा मामांवर लोभ. त्यांच्या आग्रहावरून २०२३ च्या जुलै महिन्यात मामा बारा दिवस त्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहून आले. पाहुण्याने बसून खायचे नाही ही आमच्या मामांची जुनी खोड. म्हणून रोज सकाळी पिशवी घेऊन दुकानात जाण्याचे काम त्यांनी मागून घेतले. परत आले ते फोनमध्ये निळ्या समुद्राची चार छायाचित्रे आणि दुकानांची चाळीस घेऊन. शिवाय खिशात पावत्यांचे भेंडोळे. ग्रीसमध्ये दोन लिंबे घेतली तरी दुकानदाराला छापील पावती द्यावी लागते. कायदाच आहे. त्या पावत्या, ती छायाचित्रे, मामांचे बोलणे आणि ग्रंथालयात मी केलेली थोडी शोधाशोध, एवढे या लेखाचे भांडवल.

आधी भूगोल. ग्रीस देशाच्या पूर्वेकडील समुद्राला एजियन समुद्र म्हणतात. त्यात किक्लाधेस नावाचा बेटांचा समूह आहे. नाक्सोस हे त्यातले सर्वांत मोठे बेट. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी, दोनूसा अशी चिमुकली बेटे आहेत. त्यांना एकत्रितपणे 'छोटी किक्लाधेस' म्हणतात. एकेका बेटावर कायमची वस्ती दीडशे, दोनशे, फार तर चारशे माणसांची. म्हणजे आपल्याकडची एक वाडी. मामा राहिले ते यांपैकीच एका बेटावर. उन्हाळ्यात या बेटांवर सुटीसाठी माणसांचा लोंढा येतो आणि सप्टेंबर सरला की तो ओसरतो. आता मला सांगा, अशा ठिकाणी दुकान चालवायचे तर कोणत्या हिशोबाने माल भरायचा? जानेवारीतल्या दीडशे माणसांसाठी की ऑगस्टमधल्या गर्दीसाठी?

दुकानाला ग्रीक भाषेत दोन नावे आहेत. एक शिष्ट नाव, 'पांतोपोलिओ', म्हणजे सर्व काही विकणारे. दुसरे घरगुती, 'बकालिको'. हा शब्द मामांनी उच्चारला तेव्हा मी चमकलो. हिंदीत 'बनिया-बक्काल' म्हणतात त्यातलाच हा बक्काल! मूळ अरबी शब्द. तो तुर्कांबरोबर ग्रीसमध्ये गेला आणि फारसीबरोबर आपल्याकडे आला. आता बहुतेक दुकानांवर पाटी मात्र 'मिनी मार्केट' अशी असते. जुन्या पद्धतीच्या काही ठिकाणी दुकान आणि कॉफीचे हॉटेल एकाच खोलीत असते. एका भिंतीला साबण, काडेपेटी, मकरोनी, तर दुसऱ्या भिंतीला चार खुर्च्या टाकून म्हातारे बसलेले. कोणाची गाय व्याली आणि कोणाचा मुलगा अथेन्सहून आला नाही, ही चर्चा आमच्या ओट्यावर चालते तशीच तिथेही चालत असणार. फक्त गायीच्या जागी शेळी.

आत शिरताना पहिली गोष्ट म्हणजे 'कालिमेरा' म्हणायचे, म्हणजे सुप्रभात. न बोलता आत शिरून फळीवरच्या वस्तू उलटसुलट करणे तिथे उद्धटपणाचे समजतात. मामांना 'कालिमेरा' बोटीवरच पाठ झाले होते. घोटाळा झाला तो पुढच्या शब्दाने. मामांनी विचारले, "प्सोमी?" म्हणजे पाव आहे का? दुकानातल्या आजीबाई म्हणाल्या, "ने." मामांना वाटले, घेऊन जा म्हणतेय. म्हणून ते पाव शोधू लागले. मग विचारले, "गाला?" म्हणजे दूध. आजीबाई पुन्हा म्हणाल्या, "ने." ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'होय', हे मामांना माहीत होते, पण पहाटेच्या झोपेत मराठी कान मराठीच ऐकतो. उलट 'नाही' म्हणायचे असेल तर तिथली माणसे पुष्कळदा तोंडाने काही बोलतच नाहीत. भुवया आणि हनुवटी किंचित वर उचलतात आणि जिभेने 'च्' करतात. हे मात्र मामांना शिकावे लागले नाही. आमची आजी उधारी मागायला आलेल्याला असेच उत्तर देत असे.

आकडेही फार परके नाहीत. दोनला दिओ, तीनला त्रिआ, सातला एफ्ता, आठला ओक्तो, दहाला देका. संस्कृतच्या तासाला सर 'भाषाकुल' म्हणून जे सांगतात ते मामांना दोन किलो बटाटे घेताना कळले. वजन किलोतच. पूर्वी तिथे 'ओका' नावाचे माप होते, सुमारे १२८२ ग्रॅमचे. ते १९५९ साली बंद झाले. आपल्याकडचे शेर-मण जाऊन किलो आला तोही १९५८ नंतरच्याच वर्षांत. बाबांच्या दुकानात माळ्यावर अजून जुन्या शेराची लोखंडी वजने पडलेली आहेत.

आता काय मिळते ते पाहू.

पाव दुकानात क्वचितच चांगला मिळतो. तो भट्टीवरून, म्हणजे 'फुर्नोस'मधून आणायचा, आणि तोही सकाळी लवकर. उशिरा उठणाऱ्या पाहुण्याला रिकामी फळी पाहावी लागते. पण बेटावरची खरी वस्तू म्हणजे 'पाक्सिमादी'. पाव कापून पुन्हा भाजून कडकडीत वाळवलेला. आपल्या टोस्टचा थोरला भाऊ म्हणा, पण गोड नव्हे आणि दाताला हार न जाणारा. तो बहुधा जवाचा असतो. या कोरड्या बेटांवर गव्हापेक्षा जव बरा येतो, आणि जळण कमी म्हणून भट्टी रोज पेटवणे परवडत नसे. तेव्हा एकदा भाजून महिनोन्महिने टिकेल असा पाव करून ठेवण्याची चाल पडली. खाताना त्यावर पाणी शिंपडायचे, टोमॅटो किसून घालायचा आणि ऑलिव्हचे तेल ओतायचे. मामांनी पहिल्या दिवशी पाणी न शिंपडता चावला आणि दाढ धरून बसले.

चीज दुकानदार डब्यातून काढून, तोलून देतो. फेटा नावाचे पांढरे चीज खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलेले असते. ते मेंढीच्या दुधाचे, त्यात शेळीचे दूध जास्तीत जास्त तीस टक्के. २००२ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार 'फेटा' हे नाव ग्रीसमधल्या ठरावीक प्रदेशांतल्याच चीजला लावता येते. दही घ्यायचे तर 'स्त्रांगिस्तो' मागावे. पाणी निथळून घट्ट केलेले दही, म्हणजे आपला चक्काच! ते लोक त्यावर मध घालून खातात. मामांनी एके रात्री त्यात साखर घोटून घरच्यांना श्रीखंड करून घातले. चीफसाहेबांच्या आईने दोनदा वाढून घेतले, असे मामा सांगतात. साखरेला ग्रीक भाषेत 'झाखारी' म्हणतात. शब्द मूळचा आपल्याच 'शर्करे'पासून गेलेला. मिऱ्याला 'पिपेरी', ते आपल्या पिंपळीवरून. उलट फसगत होते ती 'कार्पूझी'ने. हा शब्द म्हणजे फारसीतला खरबूज. पण कार्पूझी मागितले की दुकानदार हातात भलेमोठे कलिंगड ठेवतो.

डाळींत 'फावा' विचारावी. सांतोरिनी बेटाची फावा प्रसिद्ध आहे. दिसायला पिवळीधमक. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आपल्या लाखेच्या डाळीची बहीण लागते, एकाच कुळातली. ती शिजवून, घोटून, वर कच्चा कांदा आणि तेल घालून खातात. फोडणी नाही. मामांच्या मते एवढे एकच त्यांचे चुकते.

भाजीची गोष्ट वेगळी आहे. बेटावर उतरलेल्या पाहुण्याला वाटते, इथले टोमॅटो इथल्याच मातीतले असतील. तसे नसते. बेटावरची माणसे आपल्या परसात टोमॅटो, काकड्या लावतात, चार कोंबड्या, दहा शेळ्या पाळतात. पण ते घरापुरते. शेजाऱ्याला देतील, पाहुण्याला ओंजळभर देतील, विकायला आणणार नाहीत. दुकानात असते ते बोटीने आलेले. बटाटे नाक्सोसचे. ते तिथे नावाजलेले आहेत. टोमॅटो दूर क्रीटचेसुद्धा असतात. कधी एखादा भाजीवाला छोटा टेम्पोच बोटीत घालून घेऊन येतो आणि गल्लीतून भोंग्यावर ओरडत फिरतो: बटाटे, कांदे, कलिंगडे! मासे घ्यायचे तर दुकान नाहीच. सकाळी धक्क्यावर होडी लागली की तिथेच. पूर्वी होडी आल्याची वर्दी द्यायला शंख फुंकत असत. मामा म्हणाले, "आपल्याकडं शंख देवाला, त्यांच्याकडं मासळीला."

पिण्याचे पाणी हाही सामानाच्या यादीतला जिन्नस आहे. अशा बेटांवर गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष फार. नळाचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारट लागते. म्हणून दीड-दीड लिटरच्या सहा बाटल्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन चढण चढायची. मामांना हे काही नवे नव्हते. मे महिन्यात आमच्या वरच्या वाडीत टँकर येतो. पिशवीही घरून न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीला २०१८ पासून वेगळे पैसे पडतात.

वेळेचे गणित न पाळणाऱ्याचे हाल होतात. दुपारी दोन-अडीचला दुकान बंद होते ते ऊन उतरल्यावर पाच-साडेपाचला उघडते आणि मग रात्री उशिरापर्यंत चालते. मधल्या काळात दार ठोठावू नये. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही वेळ तिथे कायद्यानेच शांततेची आहे. १५ ऑगस्टला तर काहीच अपेक्षू नये. आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी तिथे मेरीमातेचा सण असतो, आणि तो उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सण. त्याच्या आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवावी.

येथवर सारे गमतीचे झाले. पण मामा पोहोचल्यावर पाचव्या दिवशी वारा सुटला. त्या वाऱ्याला 'मेल्तेमी' म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून सुटतो. आपल्याकडे समुद्र खवळतो तेव्हा आकाश काळे होते, पाऊस कोसळतो. माणसाला कारण तरी दिसते. मेल्तेमीत आकाश निळेभोर, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र पांढरा. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापावर ८ च्या आसपास गेला की बंदर-अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात. या छोट्या बेटांना जगाशी जोडणारी मुख्य गोष्ट म्हणजे नाक्सोसहून येणारी 'एक्सप्रेस स्कोपेलितिस' ही छोटीशी बोट, आणि आठवड्यातून काही वेळा अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून येणारी मोठी बोट. माणसे, पत्रे, औषधे, टोमॅटो सारे त्यांतूनच. ज्या मार्गांवर बोट चालवणे धंद्याच्या दृष्टीने परवडत नाही, तिथे सरकार पैसे देऊन ती चालवायला लावते. अशा मार्गांना ग्रीक लोक 'आगोनी ग्रामी' म्हणतात, म्हणजे नापीक मार्ग. शेत नापीक असते तशी समुद्रावरची वाटही नापीक! आमच्या गावची रात्रीची मुक्कामाची एस.टी. मला आठवली.

तर त्या वेळी दोन दिवस बोट आली नाही. दुकानाच्या फळ्या कोणत्या क्रमाने रिकाम्या झाल्या ते मामांनी छायाचित्रांत टिपले आहे. पहिल्या दुपारी ताजे दूध संपले. मग टोमॅटो, मग फळे, मग अंडी. उरले काय? मकरोनी, तांदूळ, डब्यातले राजमे, पाक्सिमादी आणि बटाट्याच्या वेफरची पाकिटे. सुटीला आलेली मंडळी कुरकुरू लागली. एक जण आजीबाईंशी तावातावाने बोलत होता. बेटावरची माणसे मात्र शांतपणे डबे घेऊन घरी जात होती. पाहुणा दुकानात रोज येऊन आजची वस्तू घेतो. बेटकरी बोट पाहून सामान भरतो.

किमतीचेही तसेच. अथेन्समध्ये जी वस्तू ज्या भावाला मिळते, त्याहून ती बेटावर महाग पडते. पाहुण्यांना यात लबाडी दिसते. आपल्याला ती अधिकच दिसेल, कारण आपल्याकडे पुड्यावर कमाल किंमत छापलेली असते. शहरात असो वा डोंगरावर, त्याच्यावर दुकानदाराला एक पैसा घेता येत नाही. ग्रीसमध्ये अशी छापील किंमत नसते. दुकानदार आपला भाव ठरवतो. फक्त तो फळीवर चिठ्ठी लावून स्पष्ट दाखवला पाहिजे, आणि किलोला किंवा लिटरला काय पडते तेही लिहिले पाहिजे, असा नियम आहे. मी बाबांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तिला भाडं तरी लावता येतं." बाबा तालुक्याहून टेम्पोने माल आणतात. त्याचे भाडे, फुटलेली बाटली, उंदराने कुरतडलेले पोते हे सारे त्या छापील किमतीच्या आतच बसवावे लागते. बेटावरच्या पेटीने पिरेअसच्या ठोक व्यापाऱ्याकडून ट्रक, ट्रकवरून बोट, बोटीवरून धक्का, धक्क्यावरून टेम्पो, असा प्रवास केलेला असतो. प्रत्येक ठिकाणी हात लागतो आणि प्रत्येक हाताला पैसे. ग्रीक सरकारने २०१८ साली एक कायदा करून यावर काही उपाय योजला. समुद्रमार्गाचा खर्च जमिनीवरच्या तेवढ्याच अंतराच्या खर्चाहून जितका जास्त, तो फरक बेटकऱ्यांना आणि तिथल्या धंद्यांना भरून द्यायचा, अशी ती योजना. कल्पना न्याय्य आहे असे मला वाटते. पण फळीवर दोन दिवस राहून सडलेल्या टोमॅटोची भरपाई कोणती योजना देणार?

सातव्या दिवशीची गोष्ट. वारा पडला, बोट आली. मामा दुकानात गेले, सामान घेतले आणि पैशाचे पाकीट घरीच राहिल्याचे ध्यानात आले. तिथे आता जवळपास प्रत्येक दुकानात कार्डाचे यंत्र असते, पण कार्डही पाकिटातच. मामा सामान परत फळीवर ठेवू लागले. आजीबाईंनी हनुवटी वर करून 'च्' केले आणि म्हणाल्या, "आव्रिओ." म्हणजे उद्या. मग गल्ल्याखालून एक वही काढली, मामांना नाव विचारले आणि ग्रीक अक्षरांत आमच्या मामांचे नाव लिहून पुढे आकडा टाकला. मामांच्या जिवाला ते लागले. उभ्या आयुष्यात उधारी केली नाही, आणि परमुलखात वहीत नाव आले! घरी येऊन चीफसाहेबांना सांगितले तर ते हसत सुटले. म्हणाले, "पाहुण्यांची नावे त्या वहीत जात नसतात. आता तू इथला झालास."

त्या वहीला ग्रीक शब्द आहे 'तेफ्तेरी'. मामांनी तो कागदावर लिहून आणला होता. मी ग्रंथालयात बसून त्याचा माग काढला आणि जे सापडले ते वाचून मला रात्री झोप आली नाही. प्राचीन ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे. कागद मिळत नसे तेव्हा कातड्यावर लिहीत. म्हणून आयोनियन ग्रीक लोक पुस्तकांनाही कातडीच म्हणत, असे हिरोडोटसने नोंदवले आहे. हा शब्द पूर्वेकडे गेला आणि फारसीत 'दफ्तर' झाला. तिथून तुर्कीत 'देफ्तेर' झाला, आणि तुर्कांची सत्ता आली तेव्हा 'तेफ्तेरी' होऊन ग्रीसमध्ये परत आला. इकडे तो फारसीबरोबर महाराष्ट्रात आला आणि 'दप्तर' झाला. पेशवे दप्तरातला तोच, आणि मी पहिलीपासून पाठीवर घेतले ते दप्तरही तेच. बाबांची उधारीची लाल वही आणि माझी कॉलेजची पिशवी यांचा जन्म एकाच कातड्यातून झालेला आहे! मी हे बाबांना सांगितले. ते म्हणाले, "मग माझंही शिक्षण सुटलं नाही म्हणायचं."

ही वही तिथे केव्हाच मोडीत निघायला हवी होती. पण २०१० नंतर ग्रीसवर कर्जाचे मोठे संकट आले. पगार, पेन्शनी कापल्या गेल्या. २०१५ च्या जूनअखेर बँका तीन आठवडे बंद राहिल्या आणि यंत्रातून दिवसाला साठ युरोंपेक्षा जास्त काढता येईनात. अशा वेळी घराशेजारच्या दुकानातली वहीच उघडते. मोठ्या बाजाराचे यंत्र "आव्रिओ" म्हणत नाही.

मामांनी पैसे दुसऱ्याच दिवशी चुकते केले. आजीबाईंनी त्या ओळीवर रेघ मारली. त्या वेळी मामांनी मान वर करून पाहिले तर गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक जुने चित्र टांगलेले. चित्राचे दोन भाग. एकीकडे पोट सुटलेला, अंगठ्या घातलेला शेठ, मागे तिजोरी पैशांनी भरलेली. दुसरीकडे हाडांचा सापळा झालेला माणूस डोक्याला हात लावून बसलेला, भोवती कागद विखुरलेले आणि उंदीर फिरताहेत. पहिल्याखाली लिहिलेले, रोखीने विकणारा. दुसऱ्याखाली, उधारीने विकणारा. वाचकांपैकी ज्यांचे बालपण गावात गेले त्यांनी हे चित्र पाहिले असेलच. आमच्याही दुकानात ते आहे, आजोबांनी लावलेले. कपडे निराळे, लिपी निराळी, उंदीर तेच. ग्रीसमध्ये ते जुन्या बकालिकोंमध्ये सर्रास असे. मामांनी फोनमधले छायाचित्र आमच्या चित्राशेजारी धरले तेव्हा बाबा काउंटरवर हात आपटून हसले. इतके हसलेले मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. दोन्ही दुकानांत ते चित्र लावलेले आणि दोन्ही दुकानांत त्याच्याच खाली उधारीची वही!

आता थोडे अवघड बोलायचे आहे. चीफसाहेब स्वतः सुटीला घरी आले ते पिरेअसहून दोन खोकी भरून सामान घेऊन. कॉफी, तेल, साबण, मकरोनी. त्यांची बहीण महिन्यातून एकदा नाक्सोसच्या मोठ्या बाजारात जाते आणि बोट भरून माल आणते. तिथे स्वस्त पडते हे खरेच आहे. मामांनी विचारले, "मग आजीबाईंकडून काय घेता?" चीफसाहेब म्हणाले, "विसरलेले." म्हणजे काडेपेटी, मीठ, लिंबू, जे यादीत राहून गेले ते. आणि बोट न आलेल्या दिवशी सारेच. जानेवारीत, जेव्हा बेटावर दीडशे माणसे आणि वारा एवढेच उरते, तेव्हा ते दुकान उघडे असावे ही सर्वांची अपेक्षा. ते उघडे ठेवण्याइतका माल मात्र कोणी घेत नाही. दुकानदाराने जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांत बाराही महिन्यांचे कमवायचे आणि त्याच दोन महिन्यांत लबाड ठरायचे.

हे ऐकताना मी चीफसाहेबांवर रागावलो. मग आठवले की गणपतीला मुंबईहून येणारे आमचे चाकरमानी तेलाच्या डब्यापासून अगरबत्तीपर्यंत सारे बरोबर घेऊन येतात आणि आमच्याकडे येतात ते नारळ कमी पडला म्हणून. आणि चाकरमान्यांना तरी का बोलावे? मी कॉलेजच्या गावी खोली घेऊन राहतो. तिथे मोठे मार्ट आहे. गेल्या दिवाळीला घरी जाताना मी तिथून साबण, शॅम्पू आणि चहाची पावडर घेतली. एकावर एक मोफत होते. किराणा दुकानदाराच्या घरी किराणा घेऊन गेलो! बाबांनी पिशवी उघडून पाहिली, वस्तू एकेक करून काउंटरवर मांडल्या, किंमत वाचली आणि म्हणाले, "या भावात तर मला तालुक्यालाही मिळत नाही." बाकी काही बोलले नाहीत. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी प्रथमच दुकान बंद करण्याची गोष्ट काढली. "तू काही आता इथं बसणार नाहीस," असे म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. अजूनही आलेले नाही.

म्हणून माझ्या मित्रांपैकी कोणाच्या नशिबी पुढेमागे त्या निळ्या समुद्रातल्या बेटावर सुटी घालवण्याचा योग आला, तर त्याने मोठ्या बंदरात खोकी भरून घेऊ नयेत असे मला वाटते. औषधे आणि लागेल ते खास काही बरोबर न्यावे. पाव भट्टीवरून, मासे धक्क्यावरून आणि बाकीचे गावातल्या दुकानातून घ्यावे. टोमॅटो नसले तर बोट केव्हा येणार ते विचारावे. 'कालिमेरा' विसरू नये.

मामा गेल्या महिन्यात पुन्हा बोटीवर गेले. या खेपेला जहाज पिरेअसला लागणार आहे आणि चीफसाहेबही तेच आहेत. निघताना बाबांनी दुकानातल्या फळीवरून आमसुलांच्या दोन पुड्या काढल्या, कागदात नीट बांधल्या आणि मामांच्या हाती दिल्या.

"मेव्हणे, हे त्या बाईच्या दुकानात पोचतं करा. फावा की काय त्यात घालून बघ म्हणावं."

"आणि पैसे?" मामांनी थट्टेने विचारले.

बाबांनी लाल वही उघडली. नवीन पानावर त्यांनी बेटाचे नाव लिहिले, पुढे 'आमसूल, दोन पुड्या' असे लिहिले आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली.